भिंतीतला वड आणि बोन्सायचा इतिहास

बोन्साय म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं? बंगल्याचा व्हरांडा, महागडी निळी कुंडी, तीत वाकडातिकडा पाईन, आणि शेजारी किंमत विचारायची हिंमत होणार नाही असा चेहरा केलेला मालक. थोडक्यात, हा छंद पैसेवाल्यांचा, आपला नव्हे. उल्हासनगर-अंबरनाथ पट्ट्यात वन बीएचकेच्या गॅलरीत कपडे वाळवून उरलेल्या जागेत झाडं लावणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊच नये, असं एकंदर मत.

मंडळी, इतिहास बरोबर उलटं सांगतो.

सुरुवात चीनमधून. इ.स. ७०६ च्या सुमारास बांधलेल्या तांग राजपुत्र झांगह्वाईच्या थडग्यात एक भित्तिचित्र आहे. त्यात एक सेवक हातात तबक घेऊन चाललाय आणि तबकात छोटे दगड अन् छोटी झाडं आहेत. तिथून ही कला जपानला गेली. १३०९ च्या एका जपानी चित्रगुंडाळीत कुंडीतली खुजी झाडं स्पष्ट दिसतात. आपल्याकडे 'ही मूळची भारतीय वामनवृक्षकला, आपल्या वैद्यांनी शोधली' असं बऱ्याचदा ऐकायला मिळतं. वामनवृक्ष हा शब्द सुंदरच आहे, पण त्या दाव्यासोबत थडग्यातल्या चित्रासारखा तारखेचा पुरावा कुणी पुढे ठेवत नाही. असो. अभिमानाला दुसरी कारणं पुष्कळ आहेत.

मला या इतिहासात सगळ्यात आवडते ती 'हाची-नो-की' या जुन्या जपानी नोह नाटकातली गोष्ट. सानो नावाचा एक सामुराई. नातेवाइकांनी जमीन बळकावलेली, घरात खायला नाही. बर्फाच्या रात्री एक भिक्षू दारात येतो. चुलीत घालायला लाकूड नाही, म्हणून सानो आपली शेवटची संपत्ती तोडून जाळतो: कुंडीतली तीन झाडं, प्लम, चेरी आणि पाईन. तो भिक्षू म्हणजे वेषांतर केलेला राज्यकर्ता होजो तोकियोरी निघतो आणि सानोला त्याची जमीन परत मिळते, वगैरे. पण मुद्दा लक्षात घ्या. कुंडीतलं झाड इथे श्रीमंताचं नाही, सगळं गमावलेल्या माणसाचं आहे.

आणि झाडं यायची कुठून? डोंगरातून. जपानीत त्याला 'यामादोरी' म्हणतात. कड्याच्या कपारीत, मूठभर मातीत, वारा-बर्फ खात शंभर वर्षं जगलेलं झाड आधीच बोन्साय झालेलं असतं, माणसाने ते फक्त कुंडीत आणायचं. पण याची दुसरी बाजूही आहे. इतोइगावा भागातल्या चुनखडीच्या कड्यांवरून जुनी शिम्पाकू ज्युनिपर काढायची एकेकाळी इतकी झुंबड उडाली, की दोरांवर लटकून झाडं काढणाऱ्या काहींचे जीव गेले आणि कडे जवळजवळ ओके झाले. आज त्या जातीची झाडं मुख्यतः फांद्यांपासूनच वाढवतात.

म्हणून मलंगगडला ट्रेकला जाताना सॅकमध्ये खुरपं नेणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे, नका नेऊ. एक तर १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगलातून झाड उपटून आणणं हा गुन्हा आहे. दुसरं म्हणजे जपानने जे शंभर वर्षांत संपवलं ते आपण दहा वर्षांत संपवू, आपला वेग दांडगा आहे :-)

मग झाड आणायचं कुठून? इथे आपल्या गावाचा इतिहास कामाला येतो.

उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. युद्ध संपलं, सैनिक गेले, आणि १९४७ नंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेली सुमारे लाखभर माणसं राहायला आली. एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून अनेक कुटुंबं. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते छावणीचं 'उल्हासनगर' झालं, पण पत्त्यात कॅम्प एक ते कॅम्प पाच आजही आहेत. मुळं तोडून आणलेल्या माणसांनी अरुंद जागेत जीव धरला, ते हे गाव.

या गावात दाटीने बांधलेल्या जुन्या इमारती आहेत, आणि प्रत्येकीच्या पाईपामागे, गच्चीच्या कोपऱ्यात वड, पिंपळ नाहीतर नांद्रुक उगवलेला आहे. पक्षी फळं खातात, बी विष्ठेतून भेगेत पडतं, पावसाळ्यात रुजतं. ती भेग म्हणजे आपला कडा. मुळं चपटी झालेली, खोड जाड, उंची हातभर. जपानी माणूस ज्यासाठी दोराला लटकला, ते आपल्याकडे ड्रेनेज पाईपामागे फुकट!

आणि ते काढणं गरजेचंही आहे. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात दोन आठवड्यांत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली. अशा गावात भिंतीत वाढणारं मूळ ही कौतुकाची गोष्ट नव्हे. अंबरनाथच्या शिवमंदिरालाही, शके ९८२ म्हणजे १०६० च्या शिलालेखाचं मंदिर ते, दगडांच्या सांध्यांत रुजणारी रोपं धोक्याचीच. (तिथलं रोप मात्र पुरातत्त्व खात्यानेच काढायचं, आपण हात लावायचा नाही.)

सोसायटीची परवानगी घेऊन जूनच्या पहिल्या पावसानंतर काढा. मूळ ओढू नका, भेगेच्या कडेचं प्लास्टर छिन्नीने सोडवा. शेंडा निर्दयपणे छाटा, कारण मुळं कमी झाली की पानांनाही पाणी पुरत नाही. वड-नांद्रुक उघड्या खोडातूनही फुटतात. फुटकं घमेलं घ्या, तळाला भोकं पाडा. विटांचा चाळलेला चुरा दोन भाग, जाड रेती एक भाग, शेणखत एक भाग. महिनाभर सावलीत. मग दोन वर्षं नुसतं वाढू द्या, बोन्सायची उथळ कुंडी त्यानंतर. फांद्या वळवायला जुन्या वायरीतली तांब्याची तार सोलून घ्या, आणि ती सालीत रुतायच्या आत काढा. एकूण खर्च दोनशे रुपयांच्या आत.

'झाडाला असं खुजं ठेवणं क्रूरपणा नाही का?' हा प्रश्न मला ऑफिसात नेहमी येतो. जंगलातलं झाड उपटून आणलं तर प्रश्न रास्त आहे. पण भिंतीतल्या वडापुढे दोनच पर्याय असतात, ॲसिड किंवा घमेलं.

शेवटी एका झाडाबद्दल. १६२५ पासून जोपासलेला एक पांढरा पाईन हिरोशिमात यामाकी कुटुंबाकडे होता. ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब सुमारे तीन किलोमीटरवर पडला, बागेच्या भिंतीआड झाड वाचलं. १९७६ मध्ये ते कुटुंबाने अमेरिकेला भेट दिलं, ज्यांनी बॉम्ब टाकला त्यांनाच, आणि तेही ही हकिगत न सांगता. २००१ मध्ये नातवंडं वॉशिंग्टनला झाड बघायला आली, तेव्हा तिथल्या लोकांना ते कळलं.

ते झाड चारशे वर्षांचं झालं, कारण पिढ्यान् पिढ्या कुणीतरी रोज पाणी घातलं. बोन्सायमध्ये महाग काही असेल तर ते हेच. बाकी सगळं फुकट मिळतं. पावसाळ्याआधी एकदा मान वर करून आपल्या बिल्डिंगचे पाईप बघून घ्या.