दिवा सगळ्यांना दिसतो, वाचता कुणाला येतो?

गाडीचं दुखणं ओळखणं महाग झालं ते यंत्रं गुंतागुंतीची झाली म्हणून, असं सर्रास मानलं जातं. नाशिककडे पाहिलं तर हे उत्तर अपुरं वाटतं. 1970 च्या सुमारास मायको, म्हणजे आजची बॉश, सातपूरला डिझेल इंजिनाची नोझल बनवू लागली. पुढे महिंद्राचा कारखाना उभा राहिला आणि 2002 मध्ये स्कॉर्पिओ इथूनच रस्त्यावर आली. मायक्रॉनच्या हिशेबात काम करणारे हात ज्या शहराने घडवले, तिथे गुंतागुंत ही अडचण कशी ठरेल? अडचण माहितीच्या मालकीची आहे.

आधीचं निदान स्वस्त होतं, कारण पुरावा सर्वांसमोर असायचा. कसारा घाटाच्या चढावर इंजिन गरगरतंय पण गाडी ओढत नाही, म्हणजे क्लचप्लेट झिजली. गिअर ऑइल काढल्यावर त्यात धातूचा चुरा दिसला, म्हणजे दात किंवा बेअरिंग गेलं. मिस्त्रीला त्यासाठी कुणाची परवानगी लागत नव्हती. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आले तसा हा पुरावा संगणकाच्या आत गेला. भारत स्टेज 4 चे प्रदूषणाचे निकष 1 एप्रिल 2017 पासून देशभर लागू झाले, आणि इंजिनाचा पिवळा दिवा व बिघाडाचे कोड साध्या गाड्यांतही नेहमीचे झाले.

यावर कुणी म्हणेल की स्वस्तातला स्कॅनर घ्या, कोड वाचा, संपलं. इंजिनाच्या बऱ्याच बिघाडांना ते लागू पडतं. गिअरबॉक्सला नाही. पी0700 हा कोड एवढंच सांगतो की ट्रान्समिशनच्या कंट्रोलरने तक्रार नोंदवली आहे. तक्रार काय, ते त्याच कंट्रोलरमध्ये शिरून पाहावं लागतं, आणि साधा स्कॅनर बहुधा दारातच थांबतो. 2014 मध्ये सेलेरिओबरोबर एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा, स्वस्त गाड्यांत आली, तेव्हापासून ही उणीव मध्यमवर्गाच्या खिशाला लागते. कोडवर विसंबून थेट गिअरबॉक्स उतरवणं तर सर्वांत महागडी चूक. बॅटरीचा व्होल्टेज, अर्थिंग, कनेक्टर आणि ऑइलची पातळी आधी तपासायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, आणि बॅटरी उतरली तरी खोटे कोड येतात.

कंपन्यांचा आक्षेप सुरक्षिततेचा: अप्रशिक्षित माणसाने हात लावला तर अपघात होईल. ही काळजी खोटी नाही. पण स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 च्या आदेशात चौदा कार कंपन्यांना, त्यांत महिंद्रालाही, सुमारे 2,545 कोटींचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल. प्रकरण पुढे अपिलात गेलं. तरी मूळ प्रश्न तोच राहतो: प्रशिक्षणाची उणीव असेल तर प्रशिक्षण द्यावं, ते घेणारी मुलं सातपूरच्या आयटीआयमध्ये बसलेलीच आहेत. जुलै 2022 मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्या चार क्षेत्रांत मोटारगाड्याही घेतल्या. त्या हक्कात कंट्रोलरचे कोड आणि ते वाचण्याची साधनं रास्त दरात नसतील, तर नाशिकचा गॅरेजवाला अंदाजानेच गिअरबॉक्स उघडत राहील, आणि त्या अंदाजाचं बिल गाडीवाल्याच्या नावे निघेल.