टपालाने फिरणारे पक्षी

दिवाळी अंकांच्या वाचकमंडळात कधी असलेल्यांना हा अनुभव असेल. अंक चार घरे फिरून आपल्याकडे येतो, तेव्हा समासात कुणीतरी पेन्सिलीने शेरा मारलेला असतो: 'रटाळ', नाहीतर 'हे खरे नव्हे'. लेखकाला तो कधीच दिसत नाही. इंग्लंडमध्ये १८९९ साली प्राण्यापक्ष्यांची छायाचित्रे काढणाऱ्या हौशी मंडळींनी असेच एक मंडळ काढले. त्याचे नाव झूऑलॉजिकल फोटोग्राफिक क्लब. फरक एवढाच, की इथले शेरे ज्याच्यावर मारले त्याच्यापर्यंत पोचावेत, हाच मंडळाचा हेतू होता.

पद्धत साधी होती. प्रत्येकाने आपले छायाचित्र पाकिटात घालायचे, पाकीट टपालाने पुढच्या सभासदाकडे पाठवायचे. त्याने बाकीच्यांची चित्रे पाहून मत लिहायचे, आपले चित्र घालायचे आणि पाकीट पुढे सरकवायचे. फेरी पूर्ण झाली की आपले चित्र दहाजणांच्या मतांसह घरी परत. समोरासमोर माणूस भिडेखातर 'छान आहे' म्हणतो. कागदावर, तेही सवडीने, तो बराच प्रामाणिक होतो.

त्या काळी मुळात पक्षी प्लेटवर येणे हेच नवल होते. जड कॅमेरा, काचेच्या प्लेटा, आणि त्या प्लेटाही इतक्या मंद की पंख हलला तर चित्रात नुसते धुके उमटे. म्हणून सगळ्यांचा मोर्चा घरट्याकडे. पक्षी तिथे परत येणार याची खात्री, बसणार ती जागा ठरलेली, आणि नजर आधीच जुळवून ठेवता येते. यॉर्कशरच्या रिचर्ड आणि चेरी कर्टन या भावांनी १८९२ मध्ये थ्रशच्या अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र काढले. १८९५ साली त्यांचे ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरचे, छायाचित्रांनी सजलेले पुस्तक आले. पुढे जवळ जाता यावे म्हणून त्यांनी खऱ्या बैलाचे कातडे सांगाड्यावर ताणून पोकळ बैल केला. रिचर्ड लहानपणीच्या अपघाताने पायाने अधू. तो त्या बैलाच्या पोटात कॅमेरा घेऊन ताटकळत उभा राही. लपणात बसून पाय आखडलेल्या कुणालाही त्याची दया येईल. त्याच १८९५ साली रॉयल फोटोग्राफिक सोसायटीने रेजिनाल्ड लॉजला पदक दिले. चित्र होते अंडी उबवणाऱ्या टिटवीच्या जातीच्या पक्ष्याचे. म्हणजे पुन्हा घरटेच.

या कामाचे मोल कमी लेखू नये. त्याआधी पक्षी ओळखायचा म्हणजे बंदुकीने पाडायचा, हीच रीत होती. एमा टर्नर यांची गोष्ट पाहा. १९०० मध्ये रिचर्ड कर्टनची भेट झाली आणि त्यांनी कॅमेरा हाती घेतला. नॉरफकच्या दलदलीत स्वतः आखणी केलेल्या हाऊसबोटीवर त्या दरवर्षी मुक्काम करीत. बिटर्न हा वेताच्या बेटात लपणारा, बगळ्याच्या कुळातला पक्षी इंग्लंडमधून वीण संपून नाहीसा झाला होता. १९११ साली टर्नर यांनी त्याच्या पिल्लाचे छायाचित्र घेतले आणि तो परतल्याचा पहिला पुरावा मिळाला. त्यासाठी गोळी झाडावी लागली नाही.

पण टपालातल्या शेऱ्यांकडे परत येऊ. अशा मंडळांतले आक्षेप ठरलेले असतात. डोळ्यात प्रकाशाचा ठिपका नाही, मागचे पान उजळ आल्याने नजर तिकडे जाते, एक काडी नेमकी चोचीवरून गेली आहे. सगळे आक्षेप रास्त, आणि त्यांनी चित्रे सुधारतातही. माझ्या मते मात्र गफलत इथेच झाली. काडी आडवी येते, असे वाचलेला माणूस पुढच्या हंगामात काय करील? ती काडी बाजूला करील. पक्षी-छायाचित्रकारांच्या बोलीत याला चक्क 'गार्डनिंग' म्हणत. घरट्यापुढची पाने बांधून ठेवायची, जमले नाही तर छाटायची. चित्र स्वच्छ येई. पण ती पाने पक्ष्याने उगाच निवडलेली नसतात. ती गेली की पिल्लांवर ऊन येते आणि कावळ्यालाही घरटे दिसते. काडी नको म्हणणाऱ्याला ती कशी गेली हे विचारायचे सुचले नाही, कारण त्याच्यासमोर कागदावरचे चित्र होते, झुडूप नव्हते.

हा प्रश्न हळूहळू शिरला. वेगवान फिल्म, विजेचा फ्लॅश आणि लांब पल्ल्याच्या लेन्स आल्या, तशी घरट्याची अपरिहार्यता संपली. सोय झाल्यावरच नीती सुचली, असेही कुणी म्हणेल, आणि ते अगदीच खोटे नाही. ब्रिटनच्या १९८१ च्या कायद्यानुसार दुर्मिळ पक्ष्यांना घरट्यापाशी विचलित करायला परवाना लागतो. त्याआधीच आपल्याकडच्या १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने याहून कडक शब्द वापरला होता. 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करणे येते. बंदुकीला पर्याय म्हणून आलेला कॅमेरा चुकीच्या हातात बंदुकीच्याच कलमात बसतो.

आज आपल्याकडच्या अनेक स्पर्धा घरट्यावरची छायाचित्रे घेत नाहीत. पण वाद मिटलेला नाही. पावसाळ्यात कोकणात तिबोटी खंड्या विणीला येतो. चोचीत पाल किंवा खेकडा धरून फांदीवर थबकलेल्या खंड्याचे चित्र परीक्षकांपुढे येते. डोळ्यात ठिपका आहे, पार्श्वभूमी हिरवीगार, काडी कुठेच नाही. घरटेही चौकटीत नाही. मग एखादा परीक्षक विचारतो: हा खाऊ घेऊन निघाला कुठे होता, आणि तिथे जायचे सोडून फांदीवर थांबला का?