वडनेर भोलजीची शेड आणि १९७९ चा कायदा



‘स्थलांतरित मजूर’ हा विषय पीएचडीला घ्यायचा आहे असं कुणी म्हटलं, की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: स्थलांतरित म्हणजे नेमका कोण? प्रश्न बाळबोध वाटतो. पण याच प्रश्नावर कुणाला दवाखाना मिळणार, कुणाला निवारा मिळणार हे ठरत आलंय. कसं ते नांदुऱ्याच्या एका घटनेवरून बघू.

२ ऑक्टोबर २०२३ ची पहाट. नांदुरा तालुक्यातल्या वडनेर भोलजीजवळ महामार्गाच्या कामावरचे दहा मजूर रस्त्यालगतच्या टिनाच्या शेडमध्ये झोपले होते. एक ट्रक रस्ता सोडून थेट शेडमध्ये घुसला. चौघांचा जीव गेला, इतर जखमी झाले. हे मजूर मेळघाटातले, चिखलदरा तालुक्यातले होते. बातमी ‘अपघात’ म्हणून छापून आली, आणि ती चूक नव्हती. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक पायरी मागे जाऊन विचारायला हवं: मजूर महामार्गाच्या कडेला का झोपले होते?

आता तारीख बघा. बरोबर ४३ वर्षांपूर्वी, २ ऑक्टोबर १९८० रोजी, आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा लागू झाला होता. कायदा १९७९ चा. त्याच्या कलम १६ मध्ये ठेकेदाराची कर्तव्यं स्पष्ट लिहिली होती: कामाच्या काळात राहायला योग्य जागा, मोफत वैद्यकीय सोय, संरक्षक कपडे. जीवघेणा अपघात झाला तर दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना आणि मजुराच्या नातेवाइकांना कळवणं. याशिवाय विस्थापन भत्ता आणि प्रवास भत्ता वेगळा.

वडनेरच्या मजुरांना हे लागू होतं का? नाही. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे एका राज्यात भरती होऊन दुसऱ्या राज्यात कामाला गेलेलाच ‘स्थलांतरित’. चिखलदरा अमरावती जिल्ह्यात, नांदुरा बुलढाण्यात, दोन्ही महाराष्ट्रातच. म्हणजे घर सुटलं, गाव सुटलं, पण कायद्याच्या हिशेबाने माणूस जागचा हललाच नाही!

ही व्याख्या आली कुठून? ओडिशात ‘दादन’ मजुरांची जुनी पद्धत होती. सरदार किंवा खातादार नावाचे मुकादम गावोगाव फिरून माणसं गोळा करायचे आणि लांबच्या बांधकामांवर न्यायचे. ठरलेला पगार, सुट्टी काहीच पाळलं जायचं नाही. ओडिशाने १९७५ मध्ये यावर स्वतःचा कायदा केला, पण राज्याचा कायदा राज्याच्या हद्दीबाहेर चालेना. १९७६ मध्ये कामगारमंत्र्यांच्या परिषदेत हा प्रश्न आला, १९७७ मध्ये समिती नेमली गेली आणि तिने केंद्रीय कायदा सुचवला. थोडक्यात, प्रश्न हद्दीबाहेरच्या अंमलबजावणीचा होता. म्हणून उत्तरही हद्द ओलांडणाऱ्यांपुरतंच आलं.

आता ही हद्द किती जुनी, तेही तपासा. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेआधी नांदुरा, मेळघाट आणि बऱ्हाणपूर एकाच राज्यात होते: राजधानी नागपूर असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात. पुनर्रचनेत नांदुरा आणि मेळघाट मुंबई राज्यात आले, बऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं. आज नांदुऱ्याहून मलकापूरमार्गे बऱ्हाणपूर चिखलदऱ्यापेक्षा जवळ आहे. तरी ठेकेदाराने बऱ्हाणपूरकडून मजूर आणले तर ते १९७९ च्या कायद्यात बसायचे, मेळघाटातून आणले तर नाही.

मग या मजुरांना कुठलाच कायदा नव्हता का? होता, आणि इथे घाई करू नका. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात राज्याची अट नव्हती. त्यातल्या कलम ३४ नुसार मालकाने कामाच्या जागी किंवा जवळ मोफत तात्पुरता निवारा द्यायचा होता. पण कल्याणकारी मंडळाचे लाभ नोंदणीवर अवलंबून आहेत आणि नोंदणीला वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. हंगामापुरतं उतरणाऱ्या, आज या ठेकेदाराकडे तर उद्या त्या ठेकेदाराकडे जाणाऱ्या मजुराने तो आणायचा कुठून?

आरोग्याचंही तसंच. मेळघाटातले बालमृत्यू १९९३ पासून उच्च न्यायालयापुढे आहेत. अंगणवाडी, आशाताई, लसीकरणाची नोंद हे सगळं गावाला बांधलेलं. गरोदर बाई नवऱ्याबरोबर कामावर उतरली, की हे सगळं मागे राहतं. योजना गावात आणि बाई रस्त्याच्या कामावर, अशी गत.

२०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने व्याख्या रुंदावली. आता ठेकेदाराशिवाय, स्वतःहून आलेला मजूरही त्यात आला. पण ‘एका राज्यातून दुसऱ्या राज्यात’ ही अट तिथेही कायम आहे.

आकड्यांच्या बाबतीतही सावध राहा. २०११ च्या जनगणनेत देशात ४५ कोटींहून जास्त स्थलांतरित मोजले गेले. त्यात राज्याची सीमा ओलांडलेले सुमारे साडेपाच कोटीच. बाकीच्यांत लग्न होऊन सासरी गेलेल्या बायका प्रचंड संख्येने आहेत, त्यामुळे उरलेले सगळे मजूर समजू नका. उलट, दिवाळीनंतर उतरून होळीला घरी परतणारा मजूर या मोजणीत बहुधा सापडतच नाही.

म्हणून तुमच्या प्रस्तावात ‘स्थलांतरित’ हा शब्द लिहिण्याआधी शेजारी तीन ओळी लिहा: ही व्याख्या कुणी केली, कुठल्या अडचणीवर केली, आणि तिच्यामुळे कोण बाहेर राहिलं. वडनेरच्या शेडमधले दहा जण तिसऱ्या ओळीतले होते. तुमच्या तालुक्यात ती ओळ कुणाची आहे, ते शोधा. तुमचा संशोधनप्रश्न बहुतेक तिथेच सापडेल.