माथाडी ते गिग कामगार : किराणा मालाच्या वाहतुकीतील श्रमाचा प्रश्न

मोबाईलवरील मागणीनुसार घरोघरी किराणा पोहोचविणाऱ्या कामगारास संबंधित कंपन्या ‘भागीदार’ असे संबोधतात. वाहन त्याचे, पेट्रोल त्याचे आणि मोबदला फेरीगणिक, असे या कामाचे स्वरूप आहे. मालक कोण, या प्रश्नाचे उत्तर मात्र मिळत नाही. हा प्रश्न नवा मानला जातो. मुंबईच्या किराणा बाजाराचा इतिहास पाहता तो जुनाच असल्याचे दिसते. प्रस्तुत निबंधात त्याचा मागोवा घेतला आहे.

मस्जिद बंदर परिसरातील घाऊक बाजारात एकच हमाल दिवसभरात अनेक व्यापाऱ्यांचा माल वाहत असे. त्यामुळे कोणीही व्यापारी त्याला आपला नोकर मानीत नसे. अण्णासाहेब पाटील यांनी या कामगारांचे संघटन केले व त्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. हमाल नेमका कोणाचा नोकर, या वादात हा कायदा अडकला नाही, हे त्याचे खरे वैशिष्ट्य होय. त्याने व्यापारी, कामगार व शासन यांच्या प्रतिनिधींची मंडळे निर्माण केली. व्यापाऱ्याने मजुरी व तीवरील लेव्ही मंडळाकडे भरावयाची आणि मंडळाने कामगारास मजुरी, भविष्य निर्वाह निधी, बोनस द्यावयाचा, अशी ही व्यवस्था आहे. किराणा बाजारासाठी मुंबईत स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. (मंडळांच्या कारभाराविषयी तक्रारी आहेत, पण तो स्वतंत्र विषय आहे.) मजुरीचा दर ठरविण्याचा व्यापाऱ्याचा एकतर्फी अधिकार येथे संपला.

एप्रिल २०२३ मध्ये दिल्ली परिसरात ‘ब्लिंकिट’च्या कामगारांनी संप केला तो याच अधिकारावरून. प्रति फेरी २५ रुपयांचा किमान दर १५ रुपयांवर आणल्याची त्यांची तक्रार होती. त्याच वर्षी राजस्थानने गिग कामगारांसाठी कायदा केला. नोंदणी, कल्याण मंडळ आणि प्रत्येक व्यवहारावरील शुल्क या त्यातील तरतुदींचे माथाडी कायद्याशी असलेले नाते स्पष्ट आहे. तथापि त्यात लेव्हीची कल्पना आली, दरनिश्चिती आली नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते ही उणीव गौण नाही, कारण १९६९ च्या कायद्याचा कणाच तो होता.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गिग कामगाराची व्याख्या प्रथमच केंद्रीय कायद्यात आली. तीनुसार कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यावयाची आहे. त्यालाही कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. फेरीचा दर मात्र कंपनीच ठरविते.