घरी कॉकटेल करताय? ग्लास दिसण्यावर नाही, मापावर घ्या

रील्स बघून घरी कॉकटेल करायची हौस आली की पहिली खरेदी होते ती ग्लासांची. लांब दांड्याचे, त्रिकोणी तोंडाचे सहा मार्टिनी ग्लास घरी येतात आणि दोनदा वापरून शोकेसमध्ये जाऊन बसतात. कारण ग्लास घेताना आपण आकार बघतो, माप बघत नाही.

मार्टिनीचं गणित बघा. 60 मिली जिन, 10-15 मिली व्हरमूथ आणि बर्फात ढवळताना वितळून आलेलं थोडं पाणी. सगळं मिळून 100 मिलीच्या आसपास. बाजारातले बरेच मार्टिनी ग्लास मात्र 200 ते 300 मिलीचे असतात. त्यात हे पेय तळाशी दिसतं, पाहुण्याला कमी वाढल्यासारखं वाटतं आणि यजमानाचा हात सैल सुटतो. एका ग्लासात दोन लार्ज पेग जातात, आणि पिणारा 'एकच तर घेतला' म्हणत गाडीची किल्ली उचलतो.

बुटक्या, रुंद ग्लासातही असाच घोटाळा होतो. आपली नजर उंची मोजते, रुंदी नाही. त्यामुळे ग्लास कोणताही असो, दारू ओतायची ती 30 आणि 60 मिलीच्या मापानेच.

मग घ्यायचं काय? खरं तर दोन प्रकारांत बहुतेक काम भागतं. पहिला रॉक्स ग्लास, म्हणजे आपला नेहमीचा जाड बुडाचा व्हिस्कीचा ग्लास. 'ओल्ड फॅशन्ड' या कॉकटेलवरून त्याला त्याच नावानेही ओळखतात. बर्फावर हळूहळू प्यायच्या कडक पेयांसाठी तो योग्य, कारण त्यात बर्फाचा मोठा खडा मावतो आणि मोठा खडा सावकाश वितळतो.

दुसरा हायबॉल, उंच आणि सरळ. सोडा, टॉनिक, लिम्का असं काहीही फसफसणारं असेल तर हाच. तोंड अरुंद असल्याने वर उघडा पृष्ठभाग कमी राहतो आणि गॅस लवकर उडत नाही. गोव्यात उन्हाळ्यात हुर्राक, लिम्का, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून पितात, त्यालाही हाच ग्लास शोभतो.

तिसरा ग्लास हौसेचा. बर्फाशिवाय द्यायच्या पेयांसाठी दांडा असलेला कूप ग्लास, तोही 150 मिलीच्या आसपासचाच. दांडा मिरवण्यासाठी नसतो. हाताची ऊब पेयापर्यंत पोहोचू नये म्हणून असतो. मार्टिनीच्या त्रिकोणी ग्लासापेक्षा हा कधीही बरा, कारण त्यातून सांडत नाही.

आता तांब्याच्या मगाबद्दल. 'मॉस्को म्यूल' म्हणजे व्होडका, जिंजर बीअर आणि लिंबू. हे कॉकटेल तांब्याच्या मगात देण्याची फॅशन आहे आणि फोटोही छान येतो. पण तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेचं सार कल्हईशिवाय ठेवायचं नाही, हे आपल्या आज्या सांगत आल्या आहेत. आंबट पदार्थात तांबं उतरतं आणि मळमळ, उलट्या होऊ शकतात. अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या मद्य विभागाने 2017 साली याच मगांबद्दल सूचना काढली होती. 6 पेक्षा कमी पीएच असलेल्या पदार्थाचा तांब्याशी थेट संपर्क नको, असा तिथला नियम आहे. लिंबाचा रस तर त्याच्या कितीतरी खाली असतो. मग घ्यायचाच असेल तर आतून स्टीलचा घ्या.

ग्लासावर माप लिहिलेलं नसेल तर दुकानातून आणल्यावर एकदा पाणी भरून मोजा. सर्व्ह करण्याआधी ग्लास दहा-पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवला की पेय जास्त वेळ गार राहतं. मात्र असा थंडगार ग्लास लगेच गरम पाण्याखाली धरू नका, तडकतो.