काँक्रीटची ताकद कशी ठरते आणि ती कशी तपासतात?

काँक्रीट म्हणजे सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांचे मिश्रण. घनफळाचा विचार केला, तर त्यात सर्वांत मोठा वाटा वाळू आणि खडीचा असतो. सिमेंट आणि पाण्याची पेस्ट त्यांना एकत्र चिकटवून ठेवते. ही पेस्ट किती दाट आणि किती सच्छिद्र आहे, यावर काँक्रीटची ताकद प्रामुख्याने अवलंबून असते.

बांधकामाच्या नकाशावर ‘एम२०’, ‘एम२५’ असे लिहिलेले असते. यातील एम म्हणजे मिक्स आणि पुढचा आकडा म्हणजे १५० मिमी बाजूच्या काँक्रीटच्या ठोकळ्याने २८ दिवसांनंतर पेलायचा दाब, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये. तपासणीचे फार तर ५ टक्के निकाल या आकड्याखाली जावेत, अशी अपेक्षा असते. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकानुसार लोखंडी सळ्या असलेल्या काँक्रीटसाठी एम२० ही किमान प्रत आहे. हवामान जितके त्रासदायक, तितकी ही किमान प्रत वाढते. समुद्रकिनाऱ्यावरच्या बांधकामाला एम३० किंवा त्याहून वरची प्रत लागते.

गावात किंवा लहान शहरात घर बांधणाऱ्याला हा आकडा बहुधा ठेकेदाराच्या तोंडून ऐकायला मिळतो. पुढे स्लॅबच्या दिवशी मिक्सर सुरू होतो, घमेली हातोहात वर जाऊ लागतात आणि आकडा मागे पडतो. तो प्रत्यक्षात उतरला की नाही, हे ठरवणाऱ्या बहुतेक गोष्टी त्या एका दिवसातच घडतात.

सिमेंट: गोणीवरचा आकडा काय सांगतो?

पोर्टलँड सिमेंटचे पेटंट जोसेफ ॲस्पडिन या इंग्लिश गवंड्याने १८२४ मध्ये घेतले. सिमेंट वाळून कडक होते, हा समज चुकीचा आहे. पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होते, म्हणून पाण्याखालीही ते पक्के होऊ शकते.

गोणीवर ‘५३ ग्रेड’ असे असेल, तर त्या सिमेंटचे काँक्रीट ५३ ताकदीचे होते असा अर्थ नाही. एक भाग सिमेंट आणि तीन भाग प्रमाणित वाळू यांच्या मॉर्टरचे सुमारे ७ सेंटीमीटरचे ठोकळे प्रयोगशाळेत करतात. त्यांची २८ दिवसांची ताकद म्हणजे हा आकडा. ही वाळू तमिळनाडूतील एन्नोरची असते, जेणेकरून देशभरातल्या चाचण्यांची तुलना करता यावी. सिमेंट किती वेळात आळते हे विकॅटच्या सुईने पाहतात: आळण्याची सुरुवात ३० मिनिटांच्या आत होता कामा नये आणि शेवट ६०० मिनिटांच्या पुढे जाता कामा नये.

घरमालकाला या चाचण्या करायची गरज नसते, त्या कारखान्यात होतात. त्याने गोणीवरचा आयएसआय शिक्का आणि भरल्याचा आठवडा पाहावा. तीन महिन्यांहून जुने किंवा बोटांनी न फुटणारे खडे झालेले सिमेंट स्लॅबला वापरू नये. आज दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच गोण्या राख मिसळलेल्या पीपीसी सिमेंटच्या असतात. ते वाईट नसते. फक्त सुरुवातीला ताकद सावकाश पकडते आणि त्यामुळे पाणी जास्त दिवस मारावे लागते.

पाणी: सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग

अमेरिकेतील डफ अब्रॅम्स यांनी १९१८ मध्ये दाखवून दिले, की इतर गोष्टी सारख्या असतील तर काँक्रीटची ताकद पाणी आणि सिमेंट यांच्या वजनांच्या गुणोत्तरावर ठरते. गुणोत्तर वाढले की ताकद उतरते. कारण साधे आहे. सिमेंटच्या रासायनिक क्रियेला त्याच्या वजनाच्या साधारण चौथा हिस्सा पाणी पुरते. बाकीचे पाणी मिश्रण कालवता यावे, पसरता यावे म्हणून असते. ते पुढे उडून जाते आणि त्याच्या जागी सूक्ष्म पोकळ्या राहतात. ताकद घटते ती या पोकळ्यांमुळे, आणि पावसाचे पाणी व हवा सळ्यांपर्यंत पोचतात त्याही यांतूनच. दहा-पंधरा वर्षांत स्लॅबचा खालचा थर फुगून सुटतो आणि गंजलेल्या सळ्या दिसू लागतात, त्याची सुरुवात अनेकदा इथे झालेली असते.

हिशेब करून पाहू. सौम्य हवामानात सळईच्या काँक्रीटला आयएस ४५६ ने गुणोत्तराची कमाल मर्यादा ०.५५ ठेवली आहे. म्हणजे ५० किलोच्या एका गोणीला २७.५ लिटर पाणी. मिश्रण जड वाटते म्हणून मिक्सरवाल्याने अर्धी बादली, म्हणजे ५ लिटर जास्त ओतले, की गुणोत्तर ०.६५ होते. पूर्ण बादली ओतली तर ०.७५. गुणोत्तर ०.५० वरून ०.६५ वर गेले तर ताकद साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याने घटते. गोण्या मोजून आणल्या, मोजून फोडल्या, तरी एम२० चा स्लॅब असा एका बादलीत हातचा जातो.

या २७.५ लिटरमध्ये वाळूतले पाणीही धरायचे असते, आणि नेमके तेच विसरले जाते. एम२० च्या नेहमीच्या मिश्रणात गोणीमागे साधारण ८० किलो वाळू पडते. ती ५ टक्के ओली असेल तर ४ लिटर पाणी तिच्यासोबतच आलेले असते. पावसाळ्यात उघड्यावर पडलेल्या ढिगाचा ओलावा याहूनही जास्त असू शकतो.

पाणी कोणते, हेही पाहावे लागते. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराईड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून जास्त नसावे. कोकणात खाडीलगतच्या विहिरी-बोअरवेलचे पाणी चवीला मचूळ लागत असेल, तर तपासून घेतल्याशिवाय ते वापरू नये.

वाळू: ओली वाळू फुगते

नदीची वाळू महाग आणि दुर्मिळ झाल्यापासून महाराष्ट्रात काळा दगड फोडून केलेली क्रश सँड सर्रास वापरली जाते. आयएस ३८३ या मानकाला ती मान्य आहे. अट एवढीच, की तिच्यातील कणांचे आकार ठरलेल्या प्रमाणात असावेत आणि ७५ मायक्रॉनहून बारीक भुकटी १५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. नैसर्गिक वाळूसाठी हीच मर्यादा ३ टक्के आहे. फरक मोठा दिसतो, पण त्याला कारण आहे: नदीच्या वाळूतला बारीक भाग म्हणजे गाळ आणि चिकणमाती, तर क्रश सँडमधला म्हणजे दगडाची पूड. माती खडीवर बसते आणि सिमेंटला चिकटू देत नाही. मात्र खडी क्रशरखालची न चाळलेली, न धुतलेली कच म्हणजे क्रश सँड नव्हे. दोन्हींचा रंग सारखाच असतो आणि फसगत होते ती तिथेच.

गाळ पाहायची चाचणी घरीही करता येते. सरळ बाजूंच्या काचेच्या बरणीत निम्मी वाळू घ्या, वर थोडे मीठ घातलेले पाणी ओता, जोरात हलवा आणि तीन तास ठेवा. वाळूवर गाळाचा वेगळा थर दिसेल. नदीच्या वाळूत त्याची जाडी वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांहून जास्त असेल, तर वाळू धुवायला हवी.

दुसरी घरगुती चाचणी फुगवट्याची. ओलसर वाळूच्या कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा धरतो, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि घनफळ वाढते. बरणीत २० सेंटीमीटर उंचीपर्यंत ओलसर वाळू न दाबता भरा. ती बाहेर काढा, बरणीत निम्मे पाणी घ्या, वाळू परत हळूहळू सोडा आणि काडीने ढवळून बसू द्या. पूर्ण भिजलेल्या वाळूचे घनफळ कोरड्या वाळूइतकेच असते. पातळी १६ सेंटीमीटरवर आली, तर ४ भागिले १६, म्हणजे २५ टक्के फुगवटा.

याचा परिणाम दोन ठिकाणी होतो. वाळू फर्म्याने किंवा घमेल्याने मोजली, तर अशा वाळूचा प्रत्येक फर्मा प्रत्यक्षात २० टक्के कमी वाळू देतो. मिश्रणात खडी जास्त होते आणि स्लॅबच्या खालच्या अंगाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके राहतात. म्हणून फुगवट्याइतकी वाळू वाढवून घ्यायची असते. आणि खरेदी ब्रासने होत असेल, तर एका ब्रासचे पैसे मोजून ०.८ ब्रास घरी येते, हे वेगळेच.

खडी

महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टवर वसलेला असल्यामुळे चांगली खडी मिळणे इथे अवघड नाही. प्रयोगशाळेत तिच्यावर सुमारे १४ किलोचा हातोडा ३८० मिमी उंचीवरून १५ वेळा पाडतात आणि किती चुरा झाला ते २.३६ मिमीच्या चाळणीने पाहतात. घरबांधणीत दगडाच्या ताकदीपेक्षा आकार जास्त त्रास देतो. चपट्या, लांबट चिपा सळ्यांमध्ये अडकतात, त्यांच्यात पोकळी राहते. खडीवर धुरळा चढला असेल तर आदल्या दिवशी पाणी मारून धुवून, निथळू द्यावी.

स्लम्प: पाच मिनिटांची चाचणी

ताज्या काँक्रीटची तपासणी ३०० मिमी उंच, खाली २०० मिमी आणि वर १०० मिमी व्यासाच्या पत्र्याच्या शंकूने होते. शंकू थराथराने भरतात, प्रत्येक थराला सळईने २५ ठोके देतात आणि शंकू सरळ वर उचलतात. काँक्रीटचा ढीग जितके मिमी खाली बसतो तो त्याचा स्लम्प. घराच्या स्लॅब-बीमला, सळ्यांच्या दाटीप्रमाणे, साधारण २५ ते १०० मिमी स्लम्प योग्य समजतात. ढीग पसरून थेट जमिनीला लागला, तर रासायनिक द्रव घातलेला नसताना त्याचे कारण बहुधा जास्तीचे पाणी हेच असते.

या चाचणीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, तरी लहान बांधकामांवर हा शंकू क्वचितच दिसतो. काँक्रीट पातळ हवेच असेल, तर त्यासाठी प्लास्टिसायझर नावाचे द्रव मिळते. गोणीमागे थोडेसे मापून घातले की पाणी न वाढवता मिश्रण वाहते होते.

क्यूब: अहवाल कशाचा?

क्यूब म्हणजे १५० मिमीचा काँक्रीटचा घन. त्याच्या एका बाजूचे क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिमी. एम२० चा क्यूब फुटण्यापूर्वी त्याने ४५० किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ ४६ टन भार घ्यायला हवा. एका नमुन्यात तीन क्यूब असतात. त्यांपैकी कोणताही सरासरीपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त हटता कामा नये. ५ घनमीटरपर्यंतच्या कामाला एक नमुना, १५ घनमीटरपर्यंत दोन, ३० पर्यंत तीन, असे प्रमाण ठरलेले आहे. २८ दिवसांच्या नमुन्याबरोबर ७ दिवसांसाठीही वेगळे क्यूब भरतात. साध्या सिमेंटमध्ये तेव्हा अंतिम ताकदीचा साधारण दोन-तृतीयांश भाग आलेला असतो.

क्यूबची मर्यादा अशी, की तो फक्त साच्यात भरलेल्या काँक्रीटबद्दल बोलतो. साचा नीट ठोकून भरतात, २८ दिवस पाण्यात ठेवतात. स्लॅबला ते लाड मिळत नाहीत. क्यूब भरल्यानंतर मिक्सरमध्ये बादली ओतली गेली, तर अहवालात ती दिसत नाही. शिवाय क्यूबसाठी वेगळे, जास्त सिमेंटचे घमेले कालवण्याची वाईट चाल काही ठिकाणी आहे. म्हणून नमुना काँक्रीट टाकायच्या जागेवरूनच, न सांगता निवडलेल्या खेपेतून घ्यावा आणि साच्यावर लगेच तारीख व भागाचे नाव लिहावे.

व्हायब्रेटरचेही तसेच. काँक्रीटमध्ये ५ टक्के पोकळी राहिली, तर ताकद सुमारे ३० टक्क्यांनी उतरते, आणि ही घट क्यूबमध्ये येत नाही. नंतर पाणी मारायचे ते साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसीला किमान १० आणि शक्यतो १४ दिवस. स्लॅबवर आळी करून पाणी साठवणे हा जुना उपाय आजही उत्तम आहे. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस आणि त्याहून मोठ्याचे १४ दिवस तरी काढू नयेत.

शंका आली तर

क्यूब नापास झाले किंवा भरलेच नाहीत, तर घट्ट झालेल्या काँक्रीटचीच तपासणी करावी लागते. रिबाउंड हॅमर पृष्ठभागाचा कठीणपणा सांगतो. त्यावरून ताकदीचा फक्त अंदाज येतो. ध्वनिलहरींच्या चाचणीत लहरींचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरहून जास्त आला तर काँक्रीट चांगले, ३ पेक्षा कमी आला तर संशयास्पद. आतल्या भेगा आणि पोकळ्या शोधायला ही चाचणी उपयोगी आहे.

सर्वांत भरवशाची म्हणजे कोअर चाचणी. यंत्राने स्लॅब किंवा बीममधून दंडगोल कापून काढतात आणि प्रयोगशाळेत फोडतात. किमान तीन कोअर घ्यावे लागतात. त्यांची सरासरी ताकद ठरलेल्या प्रतीच्या ८५ टक्के असेल आणि एकही ७५ टक्क्यांखाली नसेल, तर काँक्रीट स्वीकारले जाते. कोअरही अपुरे पडले, तर अभियंत्याच्या देखरेखीखाली स्लॅबवर प्रत्यक्ष भार ठेवून पाहता येतो: स्लॅबवरील कायमचा पूर्ण भार आणि वापराच्या भाराच्या सव्वापट, २४ तास. भार काढल्यावर पुढच्या २४ तासांत स्लॅबची वाक किमान ७५ टक्के परतायला हवी. नाही परतली, तर ७२ तासांनी पुन्हा तीच चाचणी. आणि तेव्हा ८० टक्के परतली नाही, तर तो भाग नापास ठरतो.