मोरस, पनोचा आणि गोळीबंद पाक

लढायांवरचे दोन-चार भाग झाले की मधेच एक भाग खाण्यावर करायचा, अशी आपल्या मालिकेची चाल पडली आहे. निवृत्त फौजी माणूस स्वयंपाकघरात कशाला शिरतो, असं काही जण विचारतात. ज्यानं कधीकाळी रसदीचा हिशेब ठेवला आहे त्याला इतिहास कोठीच्या खोलीतूनही दिसतो, एवढंच माझं उत्तर.

आजचा विषय बटरस्कॉच फज. घरी, जुन्या पद्धतीनं, लोणी आणि साखर आटवून केलेला. बाजारी इसेन्सचे दोन थेंब टाकून होतो तो नव्हे. मी हे बोलतोय चंडीगडच्या सेक्टर ३४ मधून, जानेवारीत. बाहेर धुकं आहे. बाजारात लोहडीसाठी गजक, रेवडी आणि भुईमुगाच्या शेंगांचे ढीग लागलेत. लोहडी झाली की दुसऱ्या दिवशी आपली संक्रांत, त्यामुळे आमच्या घरी दोन्ही ताटं एकाच टेबलावर येतात. गजक उचलली की जीभ म्हणते चिक्की, आणि दुकानदाराकडे "साखर" मागायला "शक्कर" म्हणावं तर तो कुटलेला गूळ पुढे करतो. पंजाबात शक्कर म्हणजे गुळाची भुकटी. पांढऱ्या साखरेला चिनी म्हणायचं. शब्द एकच, संस्कृत शर्करा. आपल्याकडे त्याची साखर झाली. खांड या शब्दाचा प्रवास तर आणखी लांबचा. मूळ खण्ड, फारसीत कंद, अरबीत कंदी, आणि तिथून युरोपात जाऊन तो कँडी झाला. तेव्हा इंग्रजी गोळीचं वेष्टन सोलताना आतला शब्द आपल्याकडचाच निघतो, हे आधी सांगून ठेवतो.

बटरस्कॉच आणि फज या खरं तर दोन वेगळ्या वस्तू. बटरस्कॉच इंग्लंडमधल्या यॉर्कशायरची. डॉनकास्टर गावात सॅम्युअल पार्किन्सननं १८१७ पासून ती विकायला सुरुवात केली. लोणी आणि साखर एकत्र उकळून थापायची, गार होत आली की तिच्यावर चिरा द्यायच्या. "स्कॉच" या इंग्रजी शब्दाचा एक जुना अर्थ चिरा देणं असाच आहे. स्कॉटलंडशी किंवा व्हिस्कीशी तिचा संबंध जोडणारे बरेच भेटतात, पण सुरीची ती खूणच मला जास्त पटते. १८५१ मध्ये व्हिक्टोरिया राणी डॉनकास्टरला आली तेव्हा तिला या वड्यांचा डबा भेट दिला गेला आणि धंद्याला राजमान्यता मिळाली. डॉनकास्टर हे घोड्यांच्या शर्यतींचं गाव, सेंट लेजर ही शर्यत तिथे १७७६ पासून धावते. शिवाय ते रेल्वेचं गाव. प्रसिद्ध फ्लाइंग स्कॉट्समन इंजिन तिथल्याच कारखान्यात १९२३ मध्ये बांधलं गेलं. रेल्वे, शर्यतीचे शौकीन आणि खिशात मावणारी गोड वडी, ही सांगड लक्षात ठेवा. लोणावळ्याला पुन्हा लागणार आहे.

फज मात्र अमेरिकन, आणि तोही कॉलेजातल्या मुलींचा. न्यूयॉर्क राज्यातल्या व्हॅसार या मुलींच्या कॉलेजातली एमेलिन हार्ट्रिज हिनं लिहून ठेवलंय, की १८८६ मध्ये बाल्टिमोरला फज चाळीस सेंट पौंडानं मिळत होता. तिनं कृती मिळवली आणि १८८८ मध्ये कॉलेजच्या लिलावासाठी तीस पौंड फज बनवला. मग ती साथच पसरली. वसतिगृहातले दिवे मालवायची वेळ झाल्यावर मुली खोल्यांत चोरून फज शिजवू लागल्या. तो फज चॉकलेटचा होता. तपकिरी साखरेचा, बटरस्कॉचच्या चवीचा जो फज, त्याला अमेरिकेत पेनुची म्हणतात. हा शब्द मेक्सिकोतल्या स्पॅनिशमधला, मूळ पनोचा. आणि पनोचा म्हणजे काय? न शुद्ध केलेली कच्ची साखर. म्हणजे मंडळी, गूळच.

आता साखरेकडे येऊ, कारण साखरेचा हिशेब मांडल्याशिवाय कुठल्याही मिठाईचा इतिहास खरा होत नाही. आमच्या लहानपणी घरातली म्हातारी माणसं दाणेदार पांढऱ्या साखरेला "मोरस" म्हणत. आज हा शब्द फार थोड्यांना कळेल. मोरस म्हणजे मॉरिशस. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई बंदरात तिथून साखर उतरत असे, आणि बेटाचं नाव वाण्याच्या दुकानातल्या मालाला चिकटलं. पण ती पिकवत कोण होतं? ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्यानं बंद झाली, आणि मळेवाल्यांना नवे हात हवे झाले. १८३४ पासून १९२० पर्यंत सुमारे पाच लाख हिंदी माणसं करारावर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. तो धक्का, आप्रवासी घाट, आता युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. त्या माणसांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले मराठी लोकही होते. त्यांच्या वंशजांकडे आजही गणपती बसतो, आणि गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सरकारी सुट्टी असते.

याचा अर्थ असा, की रत्नागिरीकडचा माणूस समुद्रापार जाऊन ऊस तोडत होता आणि त्या उसाची साखर मोरस नावानं मराठी मुलखातल्या दुकानात येत होती. स्वदेशीच्या चळवळीत परदेशी कापडाबरोबर परदेशी साखरेवरही बहिष्कार पुकारला गेला, तो उगाच नव्हे. पुढे १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीतून प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि साखरेच्या धंद्यात शेतकऱ्याला मालकी आली. मोरस शब्द बोलण्यातून गेला, तो या सगळ्या उलाढालीनंतर.

मराठी माणसाला फज म्हटलं की मॉरिशस आठवत नाही, लोणावळा आठवतं. स्टेशनाजवळचं कूपरांचं दुकान, अक्रोड घातलेला चॉकलेट फज, आणि दुकान बंद व्हायच्या आत पोचायची घाई. खडकवासल्याला ज्यांनी प्रबोधिनीत तीन वर्षं काढली त्यांना तर हे सांगायलाच नको. मुंबईहून येणारा प्रत्येक पाहुणा लोणावळ्याची पुडी घेऊनच यावा, अशी आमची अपेक्षा असे. पण फज आणि चिक्की लोणावळ्यातच का? तिथे ना ऊस, ना भुईमूग, ना दुधाचा महापूर. याचं उत्तर बोरघाटात आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनं १८५६ मध्ये बोरघाटाचं काम हाती घेतलं आणि १८६३ मध्ये गाडी घाट चढली. पंधरा मैलांच्या आसपास लांबी, अठराशे फुटांहून जास्त चढ, पंचवीस बोगदे. काही ठिकाणी सदतीस फुटांमागे एक फूट असा चढाव. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यानं आखणी केली. उद्घाटन बघायला तो उरला नाही, १८६२ मध्येच वारला. १८५९ च्या जानेवारीत मजुरीच्या थकबाकीवरून घाटात दंगा झाला आणि त्याच वर्षी फेव्हिएल या कंत्राटदारानं काम सोडलं. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात पाय ठेवल्यावर काही आठवड्यांतच मेला. त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिस ट्रेडवेलनं, कंत्राट चालवून काम पुरं करून घेतलं. या चौघांची नावं आपल्याला ठाऊक आहेत. १८६१ मध्ये या घाटात एका वेळी चाळीस हजारांवर मजूर होते. कड्याला दोर लावून सुरुंगाची भोकं पाडणारे, टोपल्या वाहणाऱ्या बायका. कॉलऱ्यानं आणि अपघातांनी ते हजारोंनी गेले. त्यांतल्या एकाचंही नाव आपण घेऊ शकत नाही.

लोणावळ्यात असं सांगतात, की चिक्कीचा जन्म या मजुरांसाठी झाला. गूळ, शेंगदाणे आणि तूप यांची "गुडदाणी" मारवाडाकडून आलेल्या अगरवाल कुटुंबानं कामगारांना विकायला सुरुवात केली, आणि तीच पुढे मगनलाल चिक्की म्हणून नावारूपाला आली. दुकानांच्या जन्मकथा मी नेहमी चिमूटभर मीठ बाजूला ठेवून ऐकतो, कारण त्या गिऱ्हाइकासाठी सांगितलेल्या असतात. तरी या कथेचं मला मोल वाटतं. कंपनीच्या अहवालात दगड किती घनफूट फोडला ते असतं, दगड फोडणाऱ्यानं दुपारी काय खाल्लं ते नसतं. ते एका मिठाईवाल्याच्या सांगण्यात टिकलं. शिवाय रसदीच्या दृष्टीनं ती गोष्ट चोख बसते. गूळ-शेंगदाणा हलका, न नासणारा, चूल न मागणारा आणि पोटाला आधार देणारा. आजही कुठल्याही रसद अधिकाऱ्यानं डोळे मिटून मंजूर करावा असा जिन्नस आहे.

घाट झाला आणि मजूर पांगले, पण गिऱ्हाईक तुटलं नाही. घाट चढणाऱ्या गाडीला जादा इंजिनं लागत, ती वर आल्यावर सोडवायची. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक आधी तपासायचे. गाडी थांबणं भागच होतं, आणि थांबलेल्या गाडीच्या खिडकीशी विक्रेता उभा राहणारच. खंडाळ्याजवळ तर १९२९ पर्यंत इंजिन गाडीच्या एका टोकाहून काढून दुसऱ्या टोकाला जोडावं लागे. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली, ती मुख्यतः पुण्याच्या शर्यतींना जाणाऱ्या शौकिनांसाठी. रेल्वे, शर्यत आणि खिशातली गोड वडी! डॉनकास्टर आणि लोणावळा ही जुळी गावं आहेत, असं मी गमतीनं म्हणतो. चिक्की मजुराची, फज साहेबाचा आणि पारशी बावाचा, पण दोघांनाही फलाटानं वाढवलं.

फौजेचा एक संदर्भ दिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९१४ च्या नाताळात राजकन्या मेरीच्या नावानं सैनिकांना पितळी डब्या वाटायचं ठरलं. गोऱ्या शिपायाला तंबाखू आणि सिगारेटी, परिचारिकांना चॉकलेट. आणि हिंदी सैनिकांचं काय? शिखांना सिगारेटी चालणार नाहीत हे कुणाच्या तरी ध्यानात होतं. त्यांच्या डबीत खडीसाखर, आणि सोबत मसाल्याची वेगळी डबी. इतर बहुतेक हिंदी पलटणींना सिगारेटी, खडीसाखर आणि मसाले. पखालवाल्या भिस्त्याला फक्त मसाले. उतरंड खाऊतही पाळली गेली. पण फ्रान्सच्या चिखलात खंदकात बसलेल्या माणसाच्या तोंडात त्या हिवाळ्यात खांड विरघळत होती, हेही खरं.

आता कृती. चारशे ग्रॅम तपकिरी साखर, दोनशे मिलिलिटर साय किंवा क्रीम, साठ ग्रॅम लोणी. पिवळं बाजारी लोणी खारट असतं, ते घेतलं तर वेगळं मीठ घालू नका. तपकिरी साखरेऐवजी कोल्हापुरी गूळ किंवा इथली पंजाबी शक्कर वापरायची असेल तर चिमूटभर खायचा सोडा हवा, नाहीतर गुळाच्या आंबटपणानं साय फाटते. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. उकळी आली की ढवळणं बंद करा आणि पातेल्याच्या कडेवरचे दाणे ओल्या ब्रशनं खाली उतरवा. एक दाणा जरी राहिला तरी तो बाकीच्यांना फितवतो आणि सगळा घाणा रवाळ होतो.

परदेशी पुस्तकं इथे ११४ अंश सेल्सिअसचा आकडा देतात आणि थर्मामीटर मागतात. त्याच पुस्तकांत थंड पाण्यात थेंब टाकून मऊ गोळी वळून बघा असंही असतं. ही परीक्षा आपल्या घरांत किती पिढ्या चालत आली आहे! एकतारी, दोनतारी, गोळीबंद. गोळीबंद पाक ओळखणाऱ्या बाईला फज शिकवायचा म्हणजे फक्त नाव शिकवायचं. उलट थर्मामीटरवाल्याला एक भान ठेवावं लागतं, उंचीचं. दर तीनशे मीटरला पाणी साधारण एक अंश आधी उकळतं, आणि पाकाचा आकडाही तेवढाच खाली येतो. चंडीगडला ११३ पुरतात, लोणावळ्याला ११२. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे ११४ पर्यंत थांबलात तर छिन्नीच लागेल. पाण्यातली गोळी मात्र लेहलाही तीच आणि दादरलाही तीच.

गोळी जमली की पातेलं खाली उतरवा, लोणी वर टाका आणि हात मागे घ्या. ४५-५० अंशांपर्यंत, म्हणजे पातेल्याचं बूड तळहाताला सोसवेल इतकं, त्याला आपोआप निवू द्या. गरम असताना ढवळलं तर साखरेचे मोठे स्फटिक बनतात, तो झाला कलाकंद. निवल्यावर घोटलं तर असंख्य बारीक स्फटिक एकदम बनतात, आणि वडी जिभेवर लोण्यासारखी पसरते. लाकडी डावानं आठ-दहा मिनिटं घोटायचं. चकाकी गेली आणि रंग मावळला की लगेच तूप लावलेल्या ताटात ओतायचं. खमंग वास येईल, तो साताऱ्याच्या कंदी पेढ्याच्या कुळातलाच, कारण दोन्हीकडे दुधाचा अंश साखरेबरोबर तपकिरी होतो.

ताट अर्धवट गार झालं की सुरीनं चिरा द्या. लोणावळ्याच्या पावसाळ्यात हा फज घरी करू नये, साखर हवेतलं पाणी ओढते आणि वड्या घामेजतात. चंडीगडच्या जानेवारीत घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर छान राहतो. संक्रांतीला तिळगुळाच्या शेजारी ठेवून बघा, मुलं आधी काय उचलतात ते मला कळवा. पुढच्या भागात आपण पुन्हा पानिपताकडे वळू.